शुगर मोजली, पाय राहिले

१० ग्रॅम.

या लेखातला सर्वांत महत्त्वाचा आकडा हाच, आणि तो रक्तातल्या साखरेचा नाही. मोनोफिलामेंट नावाचं एक साधं साधन असतं. दांडीला लावलेला नायलॉनचा बारीक दोरा, मासे धरायच्या गळाच्या तंगुसासारखा. तो तळपायाला लावून वाकेपर्यंत दाबला की पायावर १० ग्रॅमचा भार पडतो. चहात आपण दोन चमचे साखर घालतो, तिचं वजन साधारण तेवढंच. डोळे मिटून बसलेल्या माणसाला तो स्पर्श कळला तर पायाची राखण अजून चालू आहे. दोरा वाकला आणि माणूस मात्र ‘लावा की’ म्हणत वाट बघत बसला, तर त्या पायाचा राखणदार झोपलेला आहे. साठ किलोचा शेतकरी तुरीच्या धसकटावर सगळा भार देऊन उभा राहतो तेव्हा तो या दोऱ्याच्या सहा हजार पट असतो. कळत असेल तर तो पाय उचलतो. कळत नसेल तर पुढचं पाऊल टाकतो.

मधुमेहाने नसा खराब होतात हे वाक्य आता गावोगाव पोचलं आहे. किती जणांच्या होतात, कुठून सुरू होतात, आणि ते ओळखायला काय लागतं, याचा हिशेब मात्र कुणी मांडत नाही. एका जिल्ह्यापुरता मांडून पाहू.

२०११ च्या जनगणनेत हिंगोली जिल्ह्याची लोकसंख्या ११,७७,३४५ होती. परभणीतून १ मे १९९९ रोजी वेगळा झालेला हा पाच तालुक्यांचा जिल्हा. शंभरातले पंधरा लोक शहरात राहणारे, बाकी सगळं गावशिवार. विशीच्या वरचे साधारण ६० टक्के धरले तर सात लाख प्रौढ होतात. यांत मधुमेही किती? आयसीएमआरच्या ‘इंडियाब’ पाहणीचा पहिला टप्पा २०११ साली प्रसिद्ध झाला, त्यात महाराष्ट्र होता. राज्यातल्या प्रौढांत ८.४ टक्के मधुमेही निघाले, शहरात १०.९ आणि ग्रामीण भागात ६.५. पुढे सगळा देश पालथा घालून, १ लाख १३ हजार माणसं तपासून जे आकडे २०२३ मध्ये आले, ते असे: देशभर ११.४ टक्के, शहरात १६.४, ग्रामीण भागात ८.९. हिंगोलीच्या शहर-गाव प्रमाणाला हे दर लावले तर जुन्या दराने ५० हजार मधुमेही होतात, नव्या दराने ७० हजार. हा हिशेब माझा आहे, पाटीवर खडूने केलेला, आणि तोही २०११ च्या डोक्यांवर. त्यानंतर डोकी वाढली आहेत, कमी झालेली नाहीत.

आता यातल्या किती जणांच्या नसा बाधित? चेन्नईत झालेल्या ‘क्युअर्स’ या पाहणीत टाइप २ मधुमेहाच्या लोकांमध्ये हे प्रमाण २६.१ टक्के निघालं. तोच दर लावला तर हिंगोलीत १३ ते १८ हजार माणसं. हजार-दीड हजार वस्तीची दहा-बारा गावं नजरेसमोर आणा, आणि त्या गावांतलं प्रत्येक माणूस, तान्ह्या पोरापासून म्हाताऱ्यापर्यंत, अर्धवट बधिर पायांनी चालतंय असं समजा. संख्या तेवढी आहे. फरक एवढाच की ही माणसं दहा-बारा गावांत एकत्र राहत नाहीत. ती सगळ्या जिल्ह्यात विखुरलेली आहेत, म्हणून दिसत नाहीत.

न दिसण्याचं आणखी एक कारण आहे. जगभरात मधुमेह असलेल्या दहा प्रौढांपैकी चौघांना आपल्याला तो आहे हेच ठाऊक नसतं. आणि टाइप २ चं निदान होतं त्या दिवशीच दहा ते वीस टक्के लोकांच्या नसांवर परिणाम झालेला असतो. ‘मला शुगर आत्ताच निघाली’ असं माणूस सांगतो तेव्हा त्याच्या पायाच्या बोटांना ती काही वर्षं आधीच निघालेली असू शकते.

पायाची बोटंच का? उत्तर लांबीत आहे. पायाच्या अंगठ्याला झालेला स्पर्श वर नेणारा तंतू कमरेजवळच्या एका पेशीतून निघतो आणि सुमारे एक मीटर खाली जातो. ती पेशी स्वतः मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढीही जेमतेम. एवढ्याशा पेशीने एक मीटर लांबीची वाहिनी पोसायची, दुरुस्त ठेवायची, टोकापर्यंत सामान पोचवायचं. सिद्धेश्वर धरणाच्या कालव्यावर ज्याचं शेत टेलला आहे त्याला हे वेगळं समजावून सांगायला नको. वरच्या अंगाला गळती सुरू झाली की आधी कोरडं पडतं ते टेल.

गळती कशामुळे? स्नायूंच्या आणि चरबीच्या पेशींना साखर आत घ्यायला इन्सुलिनची परवानगी लागते, मज्जापेशींना लागत नाही. रक्तात साखर वाढली की ती त्यांच्यात शिरतच राहते. आत तिचं सॉर्बिटॉल होतं, ते साठतं, आणि ते करताना पेशीची स्वतःला वाचवणारी रसायनं खर्ची पडतात. दुसरीकडे, नसेला रक्त पुरवणाऱ्या केसासारख्या वाहिन्या जाड आणि अरुंद होतात. रक्तातली चरबी, वाढलेला रक्तदाब, बिडी आणि तंबाखू यांचीही त्यात भर पडते. म्हणून बधिरपणा दोन्ही पायांच्या बोटांतून सुरू होऊन मोजे चढवावेत तसा वर सरकतो. गुडघ्याच्या आसपास आला की हाताच्या बोटांना मुंग्या येऊ लागतात, कारण हाताच्या टोकापर्यंतचं अंतर तेव्हा गाठलं जातं. एकाच पायात, एकाच बाजूला दुखत असेल तर बहुधा ते दुसरं काही असतं. कमरेची गादी, दबलेली नस. हा फरक डॉक्टरकडे जाताना सांगावा.

याची लक्षणं आपल्या बोलीत फार नेमकी आहेत. पायाला मुंग्या येतात. तळवे जळजळतात, रात्री पांघरूण टेकलं तरी सोसत नाही. गादीवर चालल्यागत वाटतं. आणि सगळ्यांत बोलकं लक्षण म्हणजे चालता चालता चप्पल पायातून निसटते आणि चार पावलं पुढे गेल्यावर बघितलं तर ती मागे पडलेली असते. मोठ्या जाडीचे तंतू गेले की स्पर्श, कंप आणि तोल जातो, म्हणून डॉक्टर १२८ हर्ट्झचा नादकाटा घोट्याला आणि अंगठ्याला लावून बघतात. बारीक तंतू गेले की चटका आणि वेदना जाते.

आता इथे एक आकडा थांबून वाचण्यासारखा आहे. अशा नसा बाधित झालेल्यांपैकी निम्म्यापर्यंत लोकांना काहीच जाणवत नाही. ज्याला जळजळ होते तो दवाखान्यात जातो, गोळी मागतो, त्याचा पाय निदान कुणी बघतो तरी. ज्याला काहीच होत नाही तो सुखात असतो, आणि धोका त्यालाच जास्त. कधी कधी तर वर्षानुवर्षांची जळजळ आपोआप थांबते आणि घरचे म्हणतात, ‘बरं झालं, काढ्याचा गुण आला.’ काढ्याचा गुण आला असेलही. पण ठणकणारी नस पूर्ण मेली तरी ठणका थांबतोच.

बधिर पायाला काय काय होतं याची यादी हिंगोलीच्या शिवारात लांबते. सराटा, बाभळीचा काटा, धसकट. हळद शिजवताना कढईभोवतीची तापलेली जमीन आणि उडणारं पाणी. थंडीत पाय शेकायला घेतलेलं गरम पाणी, ज्याचा चटका हाताला कळला असता. नव्या चपलेचा पट्टा. घट्ट बसलेलं जोडवं. रात्री झोपेत पाय कुरतडणारा उंदीर. ही गोष्ट विचित्र वाटते, पण बधिर पायांच्या बाबतीत ती वैद्यकीय नियतकालिकांत नोंदलेली आहे. वैशाखात देवळाच्या तापलेल्या फरशीवर अनवाणी घातलेली प्रदक्षिणा. औंढा नागनाथ आणि नरसी नामदेव असलेल्या जिल्ह्यात चप्पल बाहेर काढणं हा रोजचा भाग आहे, त्यात बदल कुणी सुचवणार नाही. मोजे घालून, सकाळी ऊन चढायच्या आत जाता येतं, एवढंच.

आणि भेगा. टाचांच्या भेगा काळ्या मातीमुळे पडतात असं आपण धरून चाललो आहोत, आणि ते खोटं नाही. पण नसा फक्त स्पर्शाच्या नसतात. घाम आणणाऱ्या, रक्तदाब सांभाळणाऱ्या, जठर आणि मूत्राशय हलवणाऱ्या नसाही असतात, आणि साखर त्यांनाही सोडत नाही. तळव्याचा घाम थांबला की कातडी कोरडी पडते, तडकते, आणि भेगेतून जंतू आत जातात. याच नसा बिघडल्या की उभं राहिल्यावर तीन मिनिटांच्या आत वरचा रक्तदाब २० ने उतरतो आणि डोळ्यांपुढे अंधारी येते. हृदयविकाराचा झटका छातीत न दुखता येऊन जातो. साखर एकदम खाली गेली तरी थरथर, घाम अशी सूचना मिळत नाही. पुरुषांच्या एका तक्रारीबद्दल कुणी बोलत नाही, तीही पुष्कळदा इथलीच असते.

मधुमेही माणसाला आयुष्यात कधीतरी पायाला जखम होण्याची शक्यता १९ ते ३४ टक्के. मधुमेहात पाय कापावा लागलेल्या शंभर जणांपैकी सुमारे ८५ जणांच्या बाबतीत सुरुवात अशाच एका जखमेने झालेली असते. भरलेली जखम वर्षाच्या आत पुन्हा उघडण्याचं प्रमाण ४० टक्के. अशी जखम झालेल्यांपैकी पाच वर्षांत सुमारे ३० टक्के लोक दगावतात, आणि पाय वरून कापावा लागला तर निम्म्याहून जास्त. कर्करोगाचे सगळे प्रकार एकत्र केले तर त्यांचं प्रमाणही पाच वर्षांना तिसाच्याच आसपास येतं. कर्करोग म्हटलं की घर हादरतं. तळव्याच्या भोकावर हळद लावून फडकं बांधतात आणि माणूस रानात जातो.

हळदीबद्दल बोलायलाच हवं, कारण २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेली हळद वसमतची आहे आणि जखमेवर हळद हा आपला पहिला हात. किरकोळ खरचटल्याला लावली तर लावली. पण बधिर तळव्याची जखम मुळात भरत नाही ती औषध कमी पडल्यामुळे नव्हे. तिच्यावर रोज शेकडो वेळा साठ किलो भार पडतो आणि दुखत नाही, म्हणून ती भरत नाही.

हे ज्याला सर्वांत आधी नीट कळलं तो डॉक्टर मधुमेहाचा नव्हताच. पॉल ब्रँड, जन्म १९१४, तमिळनाडूतल्या कोल्ली डोंगरात. १९४६ मध्ये ते वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमध्ये आले आणि पुढे तिथे त्यांनी कुष्ठरुग्णांच्या हातापायांवर शस्त्रक्रिया केल्या. महारोगात बोटं झडतात, हा तेव्हाचा सार्वत्रिक समज. ब्रँड यांनी बारकाईने पाहून दाखवलं की बोटं रोगाने आपोआप झडत नाहीत. वेदना गेल्यामुळे भाजतात, कापली जातात, झिजतात, उंदीर कुरतडतात. ते १९६६ मध्ये अमेरिकेत लुइझियानातल्या कार्व्हिल इथल्या कुष्ठ रुग्णालयात गेले, आणि तिथे त्यांना दिसलं की मधुमेह्यांचे पायही याच वाटेने जातात. १० ग्रॅमचा दोरा त्याच कार्व्हिलमधून आला: १९८६ मध्ये तिथल्या अभ्यासात, ज्यांना पायाला जखमा झाल्या होत्या त्यांच्यातल्या एकालाही तो दोरा कळला नाही.

महाराष्ट्राला हा धडा परका नाही. दत्तपूर, तपोवन, आनंदवन या कुष्ठसेवेच्या नावांवर आपण वाढलो. बधिर चट्टा सुईने टोचून बघायचा, हे गावच्या शाळेतल्या पोरालाही माहीत होतं. कुष्ठरोगाच्या सरकारी कार्यक्रमात बधिर पायांसाठी मऊ सूक्ष्मछिद्री रबराची, एमसीआरची, चप्पल दिली जाते. म्हणजे बधिर पाय ओळखायचा कसा आणि जपायचा कसा, हे ज्ञान या राज्यात तीन पिढ्या आहे. फक्त ते एका रोगाच्या कपाटात बंद आहे.

कपाट किती जवळ आहे ते बघा. तिशीच्या वरच्या प्रत्येकाची मधुमेह, रक्तदाब, कर्करोगासाठी तपासणी करण्याच्या कार्यक्रमात आशाताई घरी येऊन एक फॉर्म भरतात. त्यात वय, कमरेचा घेर, तंबाखू, घरात कुणाला शुगर आहे का, असे गुण असतात. चारच्या वर गुण गेले की तपासणीला आधी बोलावायचं. त्याच फॉर्मवर पुढे विचारलेलं असतं: तळहाताला किंवा तळपायाला वारंवार मुंग्या येतात का? तळव्यावर पुन्हा पुन्हा जखम होते का? हातपाय बधिर होतात का? हे प्रश्न तिथे कुष्ठरोग हुडकण्यासाठी आहेत. उत्तर ‘हो’ आलं आणि चट्टा दिसला नाही, तर माझ्या मते त्या माणसाच्या बोटाला त्याच बैठकीत टोचून शुगर बघावी, आणि शुगर आधीच असेल तर दोन्ही तळवे उजेडात धरून बघावेत. नवीन फॉर्म लागत नाही, नवीन पैसा लागत नाही.

दोराही लागत नाही. इंग्लंडमधल्या इप्सविचच्या डॉक्टरांनी २०११ मध्ये एक पद्धत पडताळून मांडली. माणसाने डोळे मिटायचे. दुसऱ्याने आपल्या तर्जनीच्या टोकाने त्याच्या पायाच्या बोटांच्या टोकांना अलगद, एक-दोन सेकंद, स्पर्श करायचा. उजवा अंगठा, उजवी करंगळी, डावा अंगठा, डावी करंगळी, उजवं मधलं बोट, डावं मधलं बोट. दाबायचं नाही, टोचायचं नाही, एकदा चुकलं म्हणून परत लावायचं नाही. कळलं की त्याने ‘उजवा’ किंवा ‘डावा’ म्हणायचं. सहापैकी दोन किंवा जास्त ठिकाणी कळलं नाही तर संवेदना कमी झाली आहे असं धरून दवाखान्यात दाखवायचं. सणावाराला सून सासऱ्यांच्या पाया पडते त्या घरात याला वेगळा मुहूर्त कशाला? ‘आबा, जरा डोळे मिटा आणि कुठला पाय ते सांगा,’ एवढं म्हटलं की झालं.

मुंग्या आल्या म्हणजे साखरच, असंही नाही. जीवनसत्त्व बी १२ कमी पडलं की हुबेहूब हीच लक्षणं दिसतात. पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने पुणे आणि परिसरातले ४४१ मध्यमवयीन पुरुष तपासले, २००६ मध्ये निष्कर्ष आले: ६७ टक्के लोकांत बी १२ कमी. शाकाहारात ते जवळजवळ फक्त दुधातून मिळतं. त्यावर, मधुमेहाची सर्वांत जास्त दिली जाणारी गोळी मेटफॉर्मिन वर्षानुवर्षं घेतली की शरीरात बी १२ कमी शोषलं जातं. माळकरी, दूध डेअरीला घालणारा, दहा वर्षं मेटफॉर्मिनवर असलेला माणूस डोळ्यांपुढे आणा. त्याच्या पायांचा दोष नुसता साखरेवर टाकणं सोपं आहे, पण बी १२ ची तपासणी एकदा करून घेतली तर त्यातला काही भाग इंजेक्शनने किंवा गोळीने परत मिळू शकतो. गोळी मात्र मनाने बंद करू नये.

साखर आटोक्यात ठेवली तर नसा वाचतात का? टाइप १ मध्ये नक्की. अमेरिका-कॅनडातल्या १,४४१ रुग्णांवर झालेल्या ‘डीसीसीटी’ चाचणीचे निष्कर्ष १९९३ मध्ये आले, कडक नियंत्रणाने नसांचा विकार ६० टक्क्यांनी घटला. टाइप २ मध्ये फायदा बराच कमी दिसतो. कारण वर आलं आहे: निदान होईपर्यंत वर्षं गेलेली असतात, आणि चरबी, वजन, तंबाखू हे वेगळे गडी असतात. घाईही नको. एचबीए१सी हा सरासरी साखरेचा आकडा तीन महिन्यांत दोन अंकांपेक्षा जास्त खाली खेचला तर काहींच्या पायात अचानक भयंकर आग सुरू होते. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दोन ते तीन अंकांच्या घसरणीला हा धोका २० टक्के होता, चारच्या पुढे ८० टक्क्यांहून जास्त.

दुखण्यावर औषधं आहेत. ब्रिटनमध्ये १३० रुग्णांवर केलेल्या, २०२२ मध्ये आलेल्या चाचणीत अमिट्रिप्टिलीन, ड्युलोक्सेटीन आणि प्रिगॅबालिन यांपैकी कुठल्याही गोळीने सुरुवात केली आणि गरजेप्रमाणे दुसरी जोडली तरी दहापैकी ६.६ चा ठणका ३.३ वर आला. तिन्ही सारख्याच. यातली अमिट्रिप्टिलीन सगळ्यात जुनी आहे. पण तिन्ही ठणका कमी करतात, मेलेला तंतू परत उगवून आणत नाहीत.

जखम झालीच तर उपाय जुना आहे, ब्रँड यांच्या काळापासूनचा: पायाला घट्ट बसणारं प्लास्टर घालून जखमेवरचा भार काढून घेणं. अमेरिकेतल्या एका चाचणीत १२ आठवड्यांत अशा प्लास्टरने ८९.५ टक्के जखमा भरल्या. काढता-घालता येणाऱ्या बुटाने ६५ टक्के. बूट वाईट नव्हता. नंतर मोजमाप लावून बघितलं तेव्हा कळलं की माणसं दिवसातल्या चालण्यापैकी फक्त २८ टक्के वेळ तो बूट घालत होती. दुखत नाही, मग कशाला घालायचा?

हिंगोलीत सरकारी मेडिकल कॉलेज आलं ते २०२४ मध्ये. तिथल्या नव्या डॉक्टरांना हा १२ आठवड्यांचा आकडा पेशंटला सांगावा लागेल. बारा आठवडे म्हणजे मृगात पेरलेलं सोयाबीन शेंगा भरेपर्यंत. तेवढे दिवस त्या पायाला रान दाखवायचं नाही, आणि पाय तर म्हणतोय की मला काही झालेलंच नाही.